तुम्ही विचारलंत म्हणून: मनगटावरचा हा डाग कसला?

बांगड्या मागे सरकल्या की तो दिसतो. उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला, जुन्या चार आण्यांच्या नाण्याएवढा, कडेने काळसर आणि मध्ये गुळगुळीत. लोकलमध्ये शेजारी बसलेल्या बाईपासून रक्तदाब मोजणाऱ्या नर्सपर्यंत कितीतरी जणींनी विचारलं आहे, "हे काय झालं हो? भाजलं का?" मी "हो, लहानपणी" म्हणते आणि विषय तिथेच संपतो. गेल्या महिन्यात मुलीच्या मैत्रिणीने विचारलं. "भाजलं" एवढ्यावर तिचं भागलं नाही. "कशाने?" म्हणाली. "काजूने" म्हटल्यावर ती समोर मांडी घालून बसली. तिला सांगितलं तेच इथे जरा सविस्तर सांगते.

1997 चा उन्हाळा. डोंबिवलीत दहावीचा शेवटचा पेपर देऊन आले आणि चौथ्या दिवशी बाबांनी मला रात्रीच्या एसटीत बसवलं. कोकण रेल्वे तेव्हा पूर्ण सुरू व्हायची होती, ती झाली पुढच्या जानेवारीत. आत्याचं गाव मालवण तालुक्यात, पण समुद्रापासून बरंच आत. खाली व्हाळ, म्हणजे ओढा, त्याच्या काठी माड आणि पोफळी, वर डोंगरउतारावर काजू आणि त्याच्याही वर सडा, म्हणजे जांभ्याचा उघडा पठारी कातळ. त्याआधी आम्ही दर मे महिन्यात आठ दिवस तिकडे जायचो. गोडधोड व्हायचं, आंबे खायचो, एकदा समुद्रावर जायचो आणि परतायचो. त्या सगळ्या सुट्ट्यांमध्ये मी ते गाव खरं म्हणजे पाहिलंच नव्हतं. पाहुण्याला घर आपली बरी बाजू दाखवतं. काम पाहुणा येण्याआधी उरकून घेतात नाहीतर तो गेल्यावर करतात.

यावेळी अडीच महिने राहायचं होतं. पहिल्या रात्री जेवायला वाढताना आत्याने विचारलं, "पावणी होवन ऱ्हवतलंस काय घरातली होवन?"

मी "घरातली" म्हटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला तिने माझ्या अंगावरचं पांघरूण ओढलं.

आत्याचे यजमान, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, त्यांची डोंगरउतारावर भरड जमीन होती. पूर्वी तिथे नाचणी आणि वरी पिकायची. 1990 मध्ये राज्य सरकारने रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आणली आणि कोकणातले असे कितीतरी उतार काजूखाली आले. अण्णांनीही पुढच्या पावसाळ्यात वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातल्या जातीची कलमं लावली. मी गेले तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि चांगली धरायला लागली होती. बांधावर जुनी गावठी झाडंही होती, उंच आणि वाकडीतिकडी. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेलं हे झाड. काजू हा शब्दसुद्धा त्यांच्याबरोबरच आला. पण आत्याला असं सांगितलं असतं तर तिला ते खरं वाटलं नसतं, इतकं ते झाड तिथलं झालं आहे.

काम असं की झाडाखाली पडलेले बोंडू, म्हणजे टोकाला काजूची बी असलेली फळं, उचलायचे, बी पिळून वेगळी करायची आणि पाटीत टाकायची. वरचे पिकलेले आकडीने पाडायचे. ऐकायला सोपं आहे. पहिल्या दिवशी मी बोंडूच पिळत होते. हाताला रस लागत होता आणि बी मात्र जागची हलत नव्हती. "बोंडू नको पिळू, बी पिळ," अण्णा म्हणाले. बोंडू डाव्या हातात सैल धरायचा आणि उजव्या हाताने बीला अर्धा पीळ द्यायचा. टक्क आवाज होतो आणि बी स्वच्छ निघते, बोंडवाचा गर चिकटत नाही. गर चिकटला तर वाळवताना बी काळी पडते आणि व्यापारी भाव पाडून घेतो. रसाचा डाग कपड्यावरून कधीच जात नाही, म्हणून आत्याने मला तिचं एक जुनं पोलकं आणि परकर दिला होता. पुढचे दोन महिने मी त्यातच होते.

अण्णांनी मजुरी ठरवली: किलोला आठ आणे. दादालाही, म्हणजे माझ्या आतेभावालाही, तोच दर. संध्याकाळी खळ्यात ताणकाट्यावर वजन व्हायचं आणि अण्णा माजघराच्या दारामागे खडूने रेघा ओढायचे, माझ्या वेगळ्या, दादाच्या वेगळ्या. गावठी बिया किलोला दोनशेच्या आसपास लागत, कलमाच्या सव्वाशे-दीडशे. म्हणून आम्ही दोघंही कलमाकडे धावायचो. ते अण्णांच्या लक्षात आल्यावर त्यांनी झाडं वाटून दिली. मग बिया तीन-चार दिवस खळ्यात उन्हात वाळायच्या. मूठभर घेऊन हलवल्या की खडखडायला हव्यात. चार किलो बी फोडली तर गर निघतो साधारण एक किलो. लग्नाच्या पंगतीत बर्फीवरचा अर्धा काजू उचलताना मला अजून तो चारास एकचा हिशेब आठवतो आणि मी तो सावकाश खाते.

पण मला सांगायचं आहे ते नजरेबद्दल. झाडाखालचा पाचोळा तपकिरी आणि पडलेली बी राखाडी-तपकिरी. पहिला आठवडा मी जिथून गेले तिथून माझ्यामागे आत्या यायची आणि ओटीभर बिया आणखी उचलायची. मी तिथेच होते, डोळे उघडे होते, तरी मला त्या दिसल्या नव्हत्या. ती रागावली नाही, कसं बघायचं तेही तिने शिकवलं नाही. दहाव्या-बाराव्या दिवशी माझं मलाच कळलं की मी आता बी शोधत नाहीये. पाचोळ्यातला तो किडनीच्या आकाराचा वळसा आपोआप डोळ्यांत येत होता. पान कसंही पडलं तरी त्याला तसा वळसा पडत नाही.

आणि मग बाकीचंही दिसायला लागलं. सड्यावर उघड्या खड्यांमध्ये घातलेली टिटवीची अंडी, मातीच्याच रंगाची आणि ठिपक्यांची. त्यांच्यापासून दोन पावलांवर थांबायचं हे टिटवी ओरडून सांगायचीच. व्हाळ आटत आला होता, पण कातळात एक कोंड शिल्लक होता. पहाटे त्याच्या ओल्या काठावर भेकराच्या खुरांचे ठसे असत. कुठली करवंदं आंबट आणि कुठली गोड हे झुडपावरून ओळखता यायला लागलं. हे मला कुणी फिरवून दाखवलं नाही. न्याहरी पोचवायला, बैल परत आणायला, लाकडं मोजायला मी जात होते आणि जाता-येता ते भेटत होतं. "मुलांना सुट्टीत निसर्गात कुठे नेऊ?" असं मला आईबाप विचारतात तेव्हा मी सांगते की नुसतं नेऊ नका. तिथे त्यांच्याकडे कुणाचं तरी खरं काम असू द्या, जे झालं नाही तर कुणाचं तरी अडेल.

एप्रिलच्या मध्यावर, एका संध्याकाळी, मी बैल आणायला सड्यावर गेले होते. दुपारी तो नुसता तापलेला तवा असतो, काही दिसत नाही. पण ऊन तिरपं झालं की प्रत्येक खळग्यात सावली भरते. चालताना पायाशी एक रेघ दिसली. कातळाला भेगा असतात, पण भेग अशी वळत नाही. मी बसले, हाताने माती सारली. वळसा पुढे गेला आणि पाय झाला, पावलासकट. मग दुसरा पाय. माणसापेक्षा मोठा, आडवा पडलेला माणूस कुणीतरी कातळात कोरला होता. अंधार पडेपर्यंत मी माती सारत राहिले. बैल आपले आपण घरी गेले.

अण्णांना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, "ती बाहुली? ती आमच्या आज्याच्या वेळेपासून थंयच आसा." कुणी कोरली विचारलं तर पांडवांनी, एका रात्रीत. पुढे कितीतरी वर्षांनी अभ्यासकांनी रत्नागिरी-सिंधुदुर्गातली अशी शेकडो कातळशिल्पं नोंदवली आणि त्यांचं वय हजारो वर्षांत मोजलं. 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातल्या कातळशिल्पांची नऊ ठिकाणं गेली: सात रत्नागिरी जिल्ह्यातली, एक गोव्यातलं फणसायमळ आणि सिंधुदुर्गातलं एकच, आमच्या मालवण तालुक्यातलं कुडोपी. कुडोपीच्या त्या जागेलाही गावकरी आधीपासून बाहुल्यांचं टेंब म्हणत आले आहेत. बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या सड्यावरची बाहुली कुठल्या यादीत नाही, पण मला ती सापडली ती दोन आठवडे पाचोळ्यात वळसे शोधल्यामुळे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आता डाग.

एप्रिलच्या शेवटी घरासाठी थोडे काजू भाजायचे होते. काजूच्या कवचाला दोन पापुद्रे असतात आणि त्यांच्यामध्ये मधाच्या पोळ्यासारखे बारीक कप्पे. त्या कप्प्यांत तेल असतं. त्यातलं ॲनाकार्डिक आम्ल आणि कार्डॉल कातडी जाळतात. काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातली झाडं आहेत. आंब्याचा चीक लागून ओठाशी येणारा चट्टा, बिब्ब्याने उठणारा फोड आणि काजूचं तेल ही भावंडंच समजा. हेच तेल होड्यांच्या लाकडाला लावतात म्हणजे ते खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नाही. मोटारींच्या ब्रेकमध्ये आणि रंगांमध्येही ते वापरलं जातं.

परसात तीन दगडांवर भोकं पाडलेला पत्रा ठेवला होता. बिया तापल्या की तेल सुटतं आणि पेट घेतं. काळा, डोळ्यांत झोंबणारा धूर होतो. लांब काठीने सारखं परतायचं आणि नेमक्या वेळी पत्रा उलटून वर राख टाकायची. उशीर झाला तर गर करपतो, घाई केली तर कवच फुटत नाही. ते काम दादाचं होतं. आत्याने मला वाऱ्याच्या वरच्या अंगाला, चार हात लांब उभं केलं होतं. एक बी पत्र्यावरून घरंगळली आणि मी ती उचलायला वाकले. महिनाभराची सवय होती, पडलेली बी दिसली की हात जायचाच. "हात मागे घे गो!" हे ऐकू आलं तोवर दुसरी बी फुटली होती.

तेल चिकटतं. पाण्याने जात नाही आणि चिकटून जळत राहतं. आत्याने मला ओढत विहिरीवर नेलं आणि कळशीवर कळशी ओतली. आरोग्य केंद्र सात किलोमीटरवर होतं. दादाने सायकलवर नेलं, तिथे पट्टी बांधली. पुढे जखम सुकल्यावर रोज रात्री आत्या कोकमतेलाचा गोळा दिव्यावर जरासा धरून वितळवायची आणि तिच्या बोटाने लावायची. तिचं बोट खरखरीत होतं. पण त्या खरखरीने मला कधी दुखवलं नाही, इतकं ती हलकं लावायची.

मे महिन्यात मी डाव्या हाताने जमेल ते केलं. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, बिया काढायच्या, सालींना मीठ घालून त्याच रसात बुडवायच्या, वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या. पुरत्या वाळल्या की ती सोलं, म्हणजे आमसुलं. हे सगळं पाऊस यायच्या आत संपवायचं, म्हणून घाई असते. दादा छपरावर चढून नळे, म्हणजे कौलं, परतत होता, आत्या माडाची चुडतं विणून पडवीला लावायची झडी करत होती. जून उजाडला तसा वारा फिरला आणि अण्णांनी एका सकाळी दारामागच्या रेघा मोजल्या. माझ्या निघाल्या एकशे चौऱ्याण्णव किलो. सत्त्याण्णव रुपये. त्यांनी शंभराची नोट दिली नाही. सत्त्याण्णवच मोजून दिले, आणि मला ते फार आवडलं. देवासमोर गाऱ्हाणं घातलं, चेडू, म्हणजे मुलगी, सुखरूप घरी पोचू दे म्हणून, आणि आम्ही सगळ्यांनी "व्हय महाराजा" म्हटलं.

माझा डाग एका दिवसातला आहे. आत्याने चाळीस वर्षं काजू हाताळला. फेब्रुवारी-मार्चमध्ये ओल्या काजूगरांना चांगला भाव येतो, ते हिरव्या बिया विळीवर चिरून काढावे लागतात. हाताला तेल आणि राख लावली तरी चीक लागतोच. बोटं काळी पडतात, सालं निघतात, नवी कातडी येते आणि पुढच्या मोसमात तीही जाते.

मागच्या दिवाळीत गेले तेव्हा मी तिच्याबरोबर रेशन दुकानात गेले होते. यंत्रावर तिचा अंगठा उमटेना. दुकानदाराने फडक्याने काच पुसली. तिने उजवा ठेवला, डावा ठेवला, पुन्हा उजवा. मागे रांग थांबली होती. मी तिचा हात हातात घेऊन पाहिला. बोटांची टोकं गुळगुळीत होती, माझ्या डागाच्या मधल्या भागासारखीच.

"काजूंनी खाल्ल्यानी गो," ती म्हणाली, अंगठा पदराला पुसला आणि परत काचेवर ठेवला.