डोळ्यांतून पाणी येतं, मग डोळे कोरडे कसे?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. खरं तर ऑफिसमधल्या मुली विचारतात, बिल्डिंगमधल्या काकू विचारतात, ठाण्याहून ऐरोलीला जाताना ट्रेनमध्ये समोर बसलेल्या अनोळखी बाईंनीही विचारलंय, की तुमच्या डोळ्यांतून तर सारखं पाणी वाहतंय, मग कोरडे डोळे कोरडे डोळे काय म्हणता. प्रश्न बरोबर आहे. आणि याचं उत्तर एकदा कळलं की मी एसीच्या झोताखाली का बसत नाही, संध्याकाळी पण गॉगल का लावते, हे वेगळं सांगावं लागत नाही.

डोळ्यावरचा ओलावा म्हणजे नुसतं पाणी नसतं. खाली चिकटसर थर, मध्ये पाणी आणि सगळ्यात वर तेलाचा एकदम पातळ थर, हे तेल पापण्यांच्या कडेच्या बारीक ग्रंथींतून येतं आणि पाण्याला उडू देत नाही. पापणी मिटली की हे सगळं परत नीट पसरतं. साधारण दहा सेकंद तरी ते टिकायला हवं, माझ्या डोळ्यावर त्याच्या आधीच फाटतं, मग बुबुळ उघडं पडतं, टोचायला लागतं आणि डोळा एकदम भळाभळा पाणी सोडतो. त्या पाण्यात ना पुरेसं तेल ना चिकटपणा, ते सरळ गालावर येतं आणि डोळा होता तसाच कोरडा. म्हणून माझी सगळी धडपड आहे तो थर टिकवायची आहे.

हे सुरू झालं लेसिकनंतर, म्हणजे चष्मा घालवायच्या लेझर ऑपरेशननंतर. उजव्या डोळ्याच्या फ्लॅपला, म्हणजे कॉर्नियाचा, डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, जो पातळ पापुद्रा कापून उचलतात त्याला, सुरकुत्या पडल्या, तो परत उचलून सरळ करून बसवावा लागला. नजर चांगली आली, अजूनही आहे. पण फ्लॅप कापताना कॉर्नियाच्या नसा पण कापल्या जातात आणि डोळा सुकतोय, पापणी मिट, अश्रू बनव, हे मेंदूला कळवायचं काम त्याच नसांचं असतं. बहुतेकांच्या नसा सहा महिने ते वर्षभरात बऱ्यापैकी परत वाढतात आणि त्रास कमी होतो, हे मुद्दाम सांगतेय कारण नुकतंच ऑपरेशन झालेली मंडळी माझं ऐकून घाबरतात. माझा नाही गेला. आणि “तुलाच कसं झालं” असं कुणालाच विचारू नका हो, अमेरिकेच्या एफडीएच्या, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, अभ्यासात आधी काहीच त्रास नसलेल्यांपैकी २८ टक्क्यांपर्यंत लोकांनी लेसिकनंतर तीन महिन्यांनी कोरडेपणाची लक्षणं सांगितली होती.

सगळ्यात वाईट वेळ सकाळची. रात्री अश्रू कमीच बनतात, पापणी आतून बुबुळाला चिकटलेली असते, ती तशीच खसकन उघडली तर वरचं नाजूक आवरण ओरबाडलं जातं आणि मग तो दिवस गेलाच. म्हणून अलार्म वाजला तरी मी डोळे उघडत नाही. मिटल्या डोळ्यांनीच उशीजवळची कृत्रिम अश्रूंच्या ड्रॉप्सची प्लॅस्टिकची छोटी व्हायल चाचपून शोधते, तिचं टोक पिरगळून तोडते, नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब सोडते, मिटलेल्या पापणीच्या आत बुबुळ हळूहळू डावीकडे उजवीकडे फिरवते, आणि सुटल्यासारखं वाटलं की बोटाने खालची पापणी जराशी ओढून मग उघडते. सासूबाई त्या वेळात मला कधीच हाक मारत नाहीत, चहा झाला असला तरी झाकून ठेवतात. मला याचं फार कौतुक वाटतं.

व्हायलच का, तर साध्या बाटलीतल्या बऱ्याच ड्रॉप्समध्ये बेन्झाल्कोनियम क्लोराइड नावाचं प्रिझर्व्हेटिव्ह असतं, दिवसातून दोन-तीनदा घालणाऱ्याला चालून जातं पण माझ्यासारखं दर थोड्या वेळाने घातलं तर तेच डोळ्याच्या पृष्ठभागाला त्रास देतं. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले महाग पडतात, महिन्याच्या किराण्यात धरावे लागतात. लाली घालवणारे ड्रॉप्स, गुलाबजल, मध यातलं काहीही घालू नका. केमिस्टकडून आपल्या मनाने स्टिरॉइडचे ड्रॉप्स तर अजिबात नको, लगेच बरं वाटतं पण डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं, मोतीबिंदू होऊ शकतो. सर्दीची गोळी घेतानाही मी विचारून घेते, सेटिरिझिनसारख्या गोळ्यांनी डोळे अजून सुकतात. रात्री गरम कापडाचा दहा मिनिटं शेक, पापणीच्या कडेला हलका मसाज, म्हणजे ते तेल मोकळं होतं, आणि झोपताना जेल. कोरडेपणावरचे सायक्लोस्पोरिनचे ड्रॉप्स पण चालू आहेत, त्यांचा गुण यायला महिने लागतात, पहिल्या आठवड्यात झोंबलं म्हणून सोडू नका.

बाकी सगळा हवेचा खेळ. पावसाळ्यात मी जवळजवळ नॉर्मल असते, हवेत ओल असते ना. जानेवारीत घोडबंदर रोडची धूळ आणि कोरडा वारा, तेव्हा सगळ्यात जास्त त्रास. ट्रेनमध्ये सगळ्या वाऱ्याच्या बाजूची खिडकी धरतात, मी वाऱ्याकडे पाठ होईल अशी सीट बघते. ऑफिसमध्ये एसीचा झोत वळवून घेतला, आणि मॉनिटर खाली केला, कारण नजर खाली असली की पापणी कमी उघडते. स्क्रीन बघताना आपण पापण्या एरवीच्या निम्म्याहून कमी वेळा मिटतो, त्याही अर्धवट, म्हणून मी पूर्ण मिटून, क्षणभर थांबून मग उघडते. समोरच्याला वाटतं झोप आलीये.

आणि दुखणं. मशीनवर कधी कधी डोळा स्वच्छ दिसतो, “रिपोर्ट चांगला आहे ताई” म्हणतात, आणि मला मात्र कळा येत असतात. कापलेल्या नसा चुकीच्या वाढल्या तर त्या स्वतःच दुखतात, असं होतं, हे खरं आहे. बधिर करायचा थेंब घालून डॉक्टर तपासतात, त्यानेही दुखणं गेलं नाही तर त्रास डोळ्याच्या वरवरचा नाही, आत मेंदूकडे जाणाऱ्या नसांच्या वाटेवरचा आहे असं धरून वेगळी औषधं बघतात. हे मला कळलं तेव्हा मी खूप रडले, कारण तोवर घरच्यांनाही वाटायला लागलं होतं की हे मनाचं आहे. तुमच्या बाबतीत असं असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ऐकलं नाही तर दुसऱ्या कॉर्नियाच्या डॉक्टरांकडे जा.

ज्यांना लेसिक करायचंय त्यांनी आधी अश्रूंची तपासणी करून घ्याच. खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं ठेवतात, १० मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर कोरडेपणाची शंका घ्यायची. लेन्स टोचतात म्हणून ऑपरेशन करायचंय असं बरेच जण म्हणतात, पण लेन्स टोचणं हेच कित्येकदा कोरड्या डोळ्यांचं लक्षण असतं. माझ्या मावसबहिणीचं नेमकं तेच होतं, तिची पट्टी जेमतेमच भिजली. डॉक्टरांनी तिला आधी कोरडेपणाचा इलाज सुरू करून दिलाय, लेसिकचं नंतर बघू म्हणालेत.