पाणकोंबडी : पंधराव्या मिनिटाचं दुखणं अखेर सापडलं

सापडलं, मंडळी! आमच्या 'पाणकोंबडी' बोटीचं, फेब्रुवारीपासून ज्यानं झोप उडवली होती ते दुखणं गुरुवारी सकाळी माझ्या तळहातावर होतं. टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे वर ओढणाऱ्या उभ्या नळीला पडलेली चीर. लांबी १२ मिलिमीटर, रुंदी केसाएवढी. उन्हाकडे धरली तरी दिसत नव्हती, नळी जरा वाकवली तेव्हा तोंड उघडलं.

बोटीची ओळख पुन्हा करून देत नाही. फक्त दोन आकडे लक्षात असू द्या, पुढं लागणार आहेत. टाकी अॅल्युमिनियमची, ६० बाय ३० बाय २५ सेंटिमीटर, म्हणजे ४५ लिटरची. आणि आमचं पंचवीस घोड्यांचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागं बाहेरून लावायचं इंजिन) फुल रेसवर तासाला साधारण १२ लिटर पितं.

मागच्या नोंदीपर्यंतची अवस्था अशी होती. हिडकल धरणाच्या पाण्यात बोट उतरवायची, किनाऱ्यापासून लांब जाऊन रेस द्यायची, बोट पाण्यावर उठून छान पळायला लागायची, आणि पंधराव्या मिनिटाच्या आसपास इंजिनाचा आवाज पातळ व्हायचा. मग धाप लागल्यासारखं खाली-वर करत बंद. प्रायमरचा फुगा (नळीतला, हातानं दाबून पेट्रोल पुढं ढकलायचा रबरी फुगा) दाबत राहिलं की पुन्हा जीव धरायचं. अर्ध्या रेसवर मात्र घरी परत यायला काही त्रास नाही. दर वेळी हेच.

उशीर का लागला तेही सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणाच्या तरी बोटीत हीच चीर आज बसलेली असेल.

पंधरा मिनिटं म्हटल्यावर पहिला संशय उष्णतेवर जातो. एप्रिलचं ऊन, इंजिनाच्या टोपाखाली भट्टी, त्यात इथेनॉलचं पेट्रोल. नळीतच वाफ धरत असणार असं मीही धरून चाललो. नळीचा मार्ग बदलला, फ्युएल पंपावर ओलं पोतं टाकून पाहिलं. काही फरक नाही. मग गडहिंग्लजच्या आमच्या मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे २५ लिटरचा कॅन वेगळ्या नळीनं थेट इंजिनाला जोडला. तासभर फुल रेस, एकदाही खोकलं नाही! मिस्त्रींचा हात आरएक्स १०० मोटारसायकलींवर बसलेला, टू-स्ट्रोकचं पोट त्यांना आवाजावरून कळतं. त्या एका चाचणीनं कार्बोरेटर, पंप, डायफ्राम, रीड हे इंजिनाकडचे भाग सगळे निर्दोष सुटले. ही चाचणी मी पहिल्याच आठवड्यात करायला हवी होती. तुम्ही कार्बोरेटरला पाना लावायच्या आधी करा.

म्हणजे दोष टाकी ते फुगा एवढ्याच रस्त्यात. तिथंही दोन खरे दोष मिळाले, आणि त्यांनीच मला फसवलं. पहिला, जुनी नळी. उभी चिरून पाहिली तर आतलं अस्तर सुटून लोंबत होतं. बदलली, फुगाही बदलला. दुसरा, टाकीची हवा खायची नळी. ती बोटीच्या अंगातून बाहेर निघते तिथं कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं. तारेनं काढलं, फुंकर मारली, तोंडाला बारीक पितळी जाळी बसवली. त्या रविवारी घरची सगळी मंडळी बरोबर होती म्हणून टाकी काठोकाठ भरली. पन्नास मिनिटं बोट पळाली! किनाऱ्यावर आल्यावर मी बेळगावहून आणलेला कुंदा वाटला. दुखणं गेलं असं सगळ्यांना कळवूनही टाकलं.

पुढच्या रविवारी नेहमीसारखं ३२ लिटर घालून गेलो. पंधराव्या मिनिटाला बंद.

त्या दिवशी खरंच हात गळाले. बोट ट्रेलरवर चढवताना एक शब्द बोलावासा वाटला नाही.

कोडं फोडलं ते भाच्यानं. तो साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आहे, त्यामुळे प्रत्येक फेरीला वहीत नोंद करायची त्याची सवय: किती पेट्रोल घातलं, टाकीत घातलेली मापाची काठी किती भिजली, किती वाजता बंद पडलं. वही पुढं सरकवून म्हणाला, "मामा, तुम्ही घड्याळ बघायलाय. काठी बघा की."

काठी बघितली. ३२ लिटर म्हणजे टाकीत जवळपास १८ सेंटिमीटर. पंधरा मिनिटं फुल रेस म्हणजे तीन लिटर खर्च. उरलं २९ लिटर, काठीवर १६ सेंटिमीटर. आम्ही दर वेळी त्याच कॅननं तेवढंच पेट्रोल घालत होतो, म्हणून दर वेळी तेवढ्याच मिनिटांनी पातळी १६ वर यायची. मी ज्याला उष्णता समजत होतो ती पातळी होती. आणि कुंद्याच्या दिवशी टाकी भरलेली असल्यामुळे पन्नास मिनिटांत पातळी तिथवर उतरलीच नव्हती.

बुधवारी पहाटे सहाला हिडकलला गेलो. टाकीत मुद्दाम फक्त २२ लिटर, काठीवर १२ सेंटिमीटर. इंजिन गार, हवा गार. रेस दिली, दीड मिनिटात बंद. किनाऱ्याला लावून, इंजिन बंद ठेवून, कॅनमधलं १० लिटर घातलं. पुन्हा रेस. पळाली! बाकी काहीही हलवलं नव्हतं. पोहायला आलेली पोरं आमचा आरडाओरडा ऐकून बघत उभी राहिली.

गुरुवारी टाकी रिकामी केली. मोकळ्या अंगणात, चुलीपासून आणि मोटारीच्या बटणापासून लांब. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, बोटीच्या तळात साचून राहते, म्हणून तळाची झाकणं काढून अर्धा दिवस तशीच ठेवली. वरच्या पट्टीचे सहा स्क्रू काढले आणि उभी नळी बाहेर ओढली. मूळची प्लास्टिकची, वाकवली तर करकरणारी. खालच्या तोंडाला बूच मारून वरून सायकलचा पंप लावला, बादलीत बुडवली. टोकापासून १६ सेंटिमीटरवर बुडबुड्यांची माळ.

चीर पेट्रोलाखाली असेतोवर काही बिघडत नाही, कारण तिथूनही पेट्रोलच आत येतं. पातळी चिरेखाली गेली की हवा आत ओढली जाते. मंद रेसवर पंप तेवढी हवा पचवतो, फुल रेसवर पचवत नाही. फुग्यानं ढकलून दिलं की थोडा वेळ निभतं. सगळी लक्षणं जागच्या जागी बसली, एक सोडून. नळीचं टोक टाकीच्या तळापासून दीड सेंटिमीटर वर असतं, म्हणजे चीर तळापासून साडेसतरा सेंटिमीटरवर. मग काठी सतरा-साडेसतराला असताना त्रास का नाही, १६ लाच का? भाच्यानं कागदावर टाकी काढून दाखवली. बोट पळताना नाक चार-पाच अंश वर उचलते, पेट्रोल मागं सरकतं. उभी नळी मागच्या बाजूला, टाकीच्या मध्यापासून २० सेंटिमीटरवर. तिथं पातळी दीड-पावणेदोन सेंटिमीटर चढते. मधल्या तोंडातून काठीवर १६, नळीपाशी साडेसतरा. हिशेब मिलिमीटरला जुळला, आणि चिरेपेक्षा जास्त आनंद मला त्या कागदाचा झाला.

चीर तिथंच का पडली, याबद्दल माझा अंदाज असा की नेहमीच्या भरणीची पातळी तिथंच येते. वर्षानुवर्षं नळीचा तेवढा भाग कधी भिजलेला, कधी सुकलेला.

टू-स्ट्रोकवाल्यांनी हे दुखणं अंगावर काढू नये. आपलं तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. पेट्रोल कमी पडलं म्हणजे तेलही कमी पडलं, तेही नेमकं फुल रेसवर. माझे दोन्ही प्लग पांढरेफटक पडले होते. आवाज पातळ झाला की मी लगेच रेस सोडत होतो म्हणून पिस्टन वाचले. फुगा दाबत दाबत फुल रेसवर रेटत नेऊ नका.

इथेनॉलविषयी थोडं. आमच्या पट्ट्यात उसाचे मळे आहेत, कारखाने आहेत, माझाही ऊस जातो. त्यामुळे इथेनॉलला मी शत्रू मानत नाही. पण पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं सरकारी उद्दिष्ट २०३० वरून अलीकडे आणलं गेलं, २०२५ मध्ये गाठलंही, आणि आपली इंजिनं त्याच्या कितीतरी आधीची आहेत. पेट्रोलमध्ये किती आहे ते घरी मोजता येतं: मापाच्या काचेच्या नळीत १०० मिलिलिटर पेट्रोल, वर १० मिलिलिटर पाणी, हलवून ठेवून द्या. इथेनॉल पाण्यात उतरतं. आमचा खालचा थर १० चा २८ झाला, म्हणजे साधारण १८ मिलिलिटर इथेनॉल. हे पेट्रोल पावसाळाभर टाकीत ठेवलं आणि त्यात पुरेसं पाणी शिरलं तर इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला वेगळे बसतात, आणि इंजिन पहिल्यांदा तेच ओढतं. त्या थरात तेल नसतं. म्हणून जून लागायच्या आत टाकी रिकामी करून ते पेट्रोल इतर गाड्यांना वापरून टाकतो. तेलही डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलंच घेतो. बाइकचं तेल हवेनं गार होणाऱ्या इंजिनासाठी असतं, आपली इंजिनं पाण्यावर गार होतात.

नळीबाबत माझं मत आता पक्कं आहे. दुकानदार "पेट्रोलचीच आहे" म्हणून जी काळी नळी मीटरवर कापून देतो ती घेऊ नका. अंगावर आयएसओ ७८४० किंवा एसएई जे१५२७ (बोटीच्या पेट्रोल-नळीची मानकं) छापलेलं असेल तीच घ्या, महाग पडते, गोव्याहून मागवावी लागते, तरी घ्या. फुग्याचंही तसंच. पहिला स्वस्तातला आणला होता, तीन आठवड्यांत आतला वॉल्व चिकटला. फुगा दाबून घट्ट होत नसेल तर कुठूनतरी हवा येतेय, चपटा होऊन तसाच राहत असेल तर टाकीकडून वाट बंद आहे, एवढं बोटांना कळलं तरी निम्मं निदान होतं.

आता नवी नळी. गुरुवारीच बेळगावला उद्यमबागेत गेलो. तिथल्या लेथवर आमची जुनी ओळख आहे. मिस्त्री कानडी, मी मराठी, मधे नमुन्याची नळी. फिरवून बघितली, "आगतद री" (होतंय की) म्हणाले, आणि चहा संपायच्या आत पितळेची नळी, वरचा आटा आणि खालचं तिरकं तोंड तयार. तोंड तिरकं ठेवलंय, म्हणजे तळाला टेकलं तरी बंद होणार नाही. काम असं की हातातून खाली ठेवावंसं वाटत नाही.

शनिवारी चाचणी घेतली. २९ लिटरवर सुरुवात, म्हणजे जिथं इतके दिवस मरत होती तिथून. काठीवर १६, मग १४, मग १२. अधूनमधून थांबून भाचा काठी घालत होता. ९ सेंटिमीटरपर्यंत फुल रेस, फुगा दगडासारखा घट्ट. परतताना वळवाचे ढग आंबोलीच्या बाजूनं चढत होते, तरी घाई करावीशी वाटली नाही. प्लग काढले तर रंग बिस्किटाचा, म्हणजे हवा तसा.

इथंच नोंद संपवणार होतो. पण हे लिहिताना जुन्या पट्टीचा फोटो मोठा करून पाहिला. जुनं पितळी कोपर जिथं अॅल्युमिनियममध्ये आट्यानं बसवलं होतं तिथं भोवती पांढरी पूड धरलेली आहे. अॅल्युमिनियम आणि पितळ एकमेकांना लागून, त्यात ओलावा. अॅल्युमिनियम खाल्लं जाणारच. मी कोपर तर ठेवलंच, शिवाय आणखी एक वीतभर पितळ त्याच टाकीत उभं केलंय! टाकीला भोक पडलं तर चिरेपेक्षा वाईट.

म्हणून बेत बदलला. उद्यमबागेतल्या मिस्त्रींना फोन केला. नळी आणि कोपर दोन्ही ३१६ स्टेनलेसमध्ये करायचं, पट्टीही स्टेनलेसची, मधे पेट्रोल सोसणारं व्हायटनचं पॅकिंग. "नाळे बर्री" (उद्या या), म्हणाले. उद्या जातोच आहे तर पट्टीवर आणखी एक तोंड काढून घेईन, व्हॅक्यूमचं घड्याळ लावायला. ओढ वाढायला लागली की फुगा चपटा व्हायच्या आधी काट्यावर दिसेल. टाकी पुन्हा उघडणारच आहे, तेव्हा आतून आरसा आणि बॅटरीनं पूड कुठवर गेलीय तेही बघतो. कुणी अशा टाकीच्या आटाचा भाग कापून नवा वेल्ड केला असेल तर कुठं आणि कुणाकडून केला ते कळवा, पाऊस लागायच्या आत ते उरकायचंय.