आईचा आवाज आणि मागचा पाऊस

गेल्या आठवड्यात चिपळूणला आईचं वर्षश्राद्ध झालं आणि जेवणं उरकल्यावर आम्ही सगळ्यांनी माजघरात बसून तिचा व्हिडिओ बघितला. अकरा मिनिटांचा आहे, चार महिने रात्री मुलं झोपली की मी तेच करत बसायचे. मावशी निघताना म्हणाली, आमच्याकडेही यांच्या कॅसेट पडल्यात गं, कसं केलंस ते मला सांग एकदा, म्हणून आता नीट लिहूनच काढते.

आधी हे सांगायला हवं की आमच्याकडे फोटो जवळजवळ नाहीतच. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी घरात आलं आणि खालच्या कपाटातले चारही अल्बम चिखलात गेले. पाणी ओसरल्यावर जरा ऊन पडलं तेव्हा आम्ही ते अल्बम तसेच्या तसे ओटीवर वाळत ठेवले, आणि तिथेच घात झाला, कारण फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो, ओले फोटो एकमेकांवर वाळले की तो थर चिकटून बसतो आणि मग सोडवायला जावं तर चेहराच निघून येतो. खरं तर ते वाळू द्यायचेच नसतात. स्वच्छ गार पाण्याच्या परातीत ठेवून हलक्या हातानं एकेक सुटा करायचा, चित्राची बाजू वर करून स्वच्छ फडक्यावर ठेवायचा, आणि एवढं करायला वेळ नसेल तर पिशवीत घालून सरळ फ्रीजरमध्ये टाकायचे, मग सवडीनं सोडवता येतात. तेव्हा घरात गुडघाभर चिखल, प्यायला पाणी नाही, परातीत फोटो भिजवायचं कुणाला सुचणार, पण हे माहीत असतं तर आईबाबांच्या लग्नाचा एक तरी फोटो राहिला असता असं मला अजून वाटतं. कोकणातल्या, कोल्हापूर-सांगलीकडच्या लोकांनी हे लक्षात ठेवाच.

पण डबा वाचला. त्या रात्री पाणी अंगणात आलंय हे बघून आईनं देव, औषधं, घराची कागदपत्रं आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा माळ्यावर चढवला. त्या डब्यात चौदा ऑडिओ कॅसेट होत्या. अल्बम वर न्यायचे राहिले आणि कॅसेट आधी गेल्या, यातच काय ते आलं.

बाबा १९८४ ते १९९१ मस्कतला ड्राफ्ट्समन होते. घरी फोन नव्हता, ट्रंक कॉल लावायचा तर पोस्टात जाऊन ताटकळत बसायचं आणि तीन मिनिटांत काय बोलणार, त्यामुळे सुट्टीवर आलेलं कुणी परत निघालं की त्यांच्यासोबत लोणचं, मेतकूट आणि आईनं बोलून भरलेली एक कॅसेट जायची. बाबांनीच पहिल्या सुट्टीत आणलेला टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट एकत्र असलेलं मशीन होतं, ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवून ती काम करता करता बोलायची. बाबा कायमचे परत आले तेव्हा त्या सगळ्या कॅसेट सोबत घेऊन आले.

दुसरीकडे भावाच्या मुंजीची व्हिडिओ कॅसेट, १९९४ ची. यात आई खूप दिसते, मातृभोजनाला भावाला घास भरवताना तर अगदी जवळून दिसते, पण तिचा आवाज एक शब्दही नाही, कारण तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे व्हिडिओवाल्यानं मूळ आवाज पुसून सगळ्यावर सिनेमाची गाणी चढवलेली. म्हणजे एका कॅसेटमध्ये आई दिसते पण बोलत नाही आणि चौदांमध्ये बोलते पण दिसत नाही. व्हिडिओ करायचा ठरल्यावर माझ्यापुढे हे असं होतं.

व्हिडिओ कॅसेटचं आधी सांगते. झडप उचलून आत बघा, रिळावर पांढरट ठिपके दिसले तर ती बुरशी आहे, तशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका, बुरशी हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला लागते आणि त्यानंतर घातलेल्या कॅसेटही खराब होतात. आमच्या कॅसेटला कडेला थोडी होती म्हणून मी ती जाणत्या माणसाकडून साफ करून घेतली. संगणकावर घेताना आपल्याकडची म्हणजे पाल पद्धतीची कॅसेट ७२० बाय ५७६ ला, सेकंदाला २५ फ्रेम अशी घ्यायची. हात हलला की चित्रात कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसतात, त्या घालवायला डीइंटरलेस करावं लागतं. आणि कृपा करून ते चौकोनी चित्र आताच्या रुंद टीव्हीभर ताणू नका. माणसं जाडी दिसतात, आपलं माणूस आपलं दिसत नाही, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू देत.

ऑडिओ कॅसेटना जास्त वेळ गेला. सगळ्यात आधी वरच्या कडेच्या दोन प्लास्टिकच्या खुट्ट्या मोडल्या, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी आईवर काही भरलं जाणार नाही. मग प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे, वर्षानुवर्षं घट्ट बसलेली रीळ मोकळी होते. दोन कॅसेटमधली टेप दाबून धरणारी ती इवलीशी फेल्टची गादी गळून पडलेली, तिथे स्क्रू काढून रीळ दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या कवचात बसवली. हे काम मी देवासमोर हात जोडून केलं. प्लेअरचं हेड कापसाच्या काडीनं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसलं, आणि हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो तो अगदी किंचित फिरवला तर आवाज भांड्यातून आल्यासारखा होता तो एकदम उघडला. आई समोर येऊन बसली असं वाटलं. मी तेव्हा प्लेअर बंद केला आणि पाणी पिऊन आले.

पहिली लावली ती १९८६ च्या पावसातली. "अहो, ऐकताय ना, आज सकाळपासून धरलाय नुसता. पाठल्या बाजूची दोन कौलं सरकलीत, रात्री तीनदा पातेलं बदललं. तुम्ही काळजी करू नका." मग माझ्या शाळेची फी, काकांनी भाताचं काय केलं, असं चाललेलं असताना आतून भाऊ रडतो, आठ महिन्यांचा होता. आई म्हणते, "थांबा हं जरा." मशीन बंद करत नाही. टेप तशीच फिरत राहते. एक मिनिट दहा सेकंद फक्त कौलांवरचा पाऊस, पन्हळीखालच्या घंगाळात पडणारी धार, लांबून पाळण्याच्या कड्यांचा आवाज आणि त्याच्यामागे आईचं अंगाईसारखं काहीतरी, शब्द कळत नाहीत, चाल कळते. मग रडणं हळूहळू थांबतं, कुकरची एक शिटी होते, आणि पावलं वाजतात. "हां, काय सांगत होते?"

भाच्यानं ती फाईल संगणकावर साफ करून दिली, मन लावून केलं त्यानं. पावसाचा एक तुकडा नमुना म्हणून दिला की प्रोग्राम तसला सगळा आवाज काढून टाकतो. ऐकलं तर आई स्पष्ट, पण कुठेच नसलेली. डबिंगच्या खोलीत बसून बोलल्यासारखी, पाऊस गेला तसं घरही गेलं, आणि शब्दांच्या शेवटी एक पाण्यात बुडल्यासारखी गुळगुळ आली. मी ते सगळं टाकून मूळचं परत घेतलं, फक्त खालची मशीनची घरघर थोडी कमी केली. तुम्हीही मूळ फाईल डब्ल्यूएव्ही मध्ये, म्हणजे आवाज दाबून लहान न करणाऱ्या प्रकारात, वेगळी जपून ठेवा आणि जे काय करायचं ते कॉपीवर करा, कारण आज जो आवाज नकोसा वाटतो तोच उद्या हवासा वाटू शकतो.

नात्यातल्या एकानं प्रेमानंच सुचवलं की हल्ली एआयमध्ये फोटो घातला की माणूस बोलतं, आवाजही आहेच आपल्याकडे, काकूंना दोन शब्द बोलायला लावू. मी नाही म्हटलं. तिनं जे म्हटलं नाही ते तिच्या तोंडी घालायचा मला हक्क नाही, आणि चौदा कॅसेटभर ती स्वतः बोललेली आहे. मुंजीच्या चित्रावरही मी तिचा आवाज ओठांना जुळवून बसवला नाही. मातृभोजन मुकंच ठेवलं, ती गाणी काढून टाकली, घास भरवते, पदरानं त्याचं तोंड पुसते, बस.

फोटोंसाठी नातेवाईकांना सांगितलं, जे असेल ते पाठवा, पण व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो बारीक होऊन येतो. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, दात साफ करायचा धागा मागून अलगद सरकवला की सुटतो. असे बाविसेक जमले, ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके असे स्कॅन केले, त्यातले नऊच घेतले.

आणि त्या एक मिनिट दहा सेकंदांना एकच फोटो ठेवला, आत्याकडे सापडलेला, उंबऱ्यावर बसलेली आई, हात पिठाचे, कॅमेऱ्याकडे लक्ष नाही. झूम नाही, हलवाहलवी नाही. भावाला आधी दाखवलं तेव्हा तो म्हणाला, ताई, लोकांना वाटेल अडकलंय, थोडं काप. मी नाही कापलं.

त्या दिवशी तो भाग आला तेव्हा माजघरात सगळे गप्प झाले. बाबा खुर्चीत, डोळे मिटलेले, मला वाटलं डुलकी लागली. तर हळूच बोलायला लागले. म्हणाले, मस्कतला आम्ही खोलीवर सहाजण होतो, आईचं बोलणं मी एकटा कानाशी धरून ऐकायचो, पण हा एवढा तुकडा सगळ्यांना ऐकवायचो, पोरं मागे ठेवून आलेली माणसं ती, कामावरून आली की म्हणायची, लाव रे तुझ्या घरचा पाऊस. किती वेळा लावला असेल.

पडद्यावर पाऊस चालूच होता, भावाचं रडणं थांबत आलेलं. बाबांनी डोळे न उघडता एक बोट वर केलं.

"आता शिटी होईल," ते म्हणाले.

आणि झाली.