‘काला’ म्हणजे चांगलं

ग्रीक सणांचे शब्द शिकायला घेतले की मराठी माणूस आधी हसतो. नाताळच्या शुभेच्छा ‘काला ख्रिस्तूयेना’, नव्या वर्षाच्या ‘काली ख्रोन्या’! आपल्याला काळं आठवतं, नाहीतर दहीहंडीचा काला. तिकडे अर्थ ‘चांगलं’.

शब्दाचं शेपूट नामाच्या लिंगाप्रमाणे फिरतं. ‘पास्खा’ म्हणजे ईस्टर, नपुंसकलिंगी, म्हणून ‘कालो पास्खा’. ‘ख्रोन्या’ म्हणजे वर्ष, स्त्रीलिंगी, म्हणून ‘काली’. चांगला-चांगली-चांगलं करत वाढलेल्याला हे जड जाऊ नये. गाडी अडते ती दर एक तारखेला म्हणायच्या ‘कालो मीना’पाशी. महिना पुल्लिंगी, ‘मीनास’. मग ‘कालोस मीनास’ का नाही? कारण ‘तुला चिंतितो’ एवढं गिळलेलं असतं. उरलेले शब्द कर्म होतात आणि शेवटचा ‘स’ गळतो.

बाकी सगळं विसरलं तरी ‘ख्रोन्या पोला’ तारून नेतं. पुष्कळ वर्षं! वाढदिवस, नाताळ, ईस्टर, नामदिन (आपल्या नावाच्या संताचा दिवस), कुठेही चालतं. (वाढदिवसाला ‘ना ता एकातोस्तीसिस’ही म्हणतात, म्हणजे शंभरी गाठ, आपलं ‘शतायुषी व्हा’च.) पण इथला जोर ‘ख्रो’वर, आणि ‘काली ख्रोन्या’तला ‘न्या’वर. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून वही ग्रीक लिपीतच ठेवावी. तिथे जोराची खूण अक्षराच्या डोक्यावरच असते. शिवाय हा ‘ख’ खटाऱ्यातला नव्हे, उर्दू ‘ख़त’मधला, घशात घासणारा. आपला ‘ख’ ग्रीक कानाला ‘क’ वाटतो.

वेळही पाळावी लागते. ईस्टरआधीच्या आठवड्यात ‘काली आनास्तासी’, म्हणजे पुनरुत्थान चांगलं जावो. ‘ख्रिस्तोस आनेस्ती’, म्हणजे ख्रिस्त उठला, हे मात्र शनिवारच्या मध्यरात्रीनंतरच. त्याला ‘एफखारिस्तो’ म्हणजे धन्यवाद म्हणून चालत नाही. उत्तर ठरलेलं, ‘आलिथोस आनेस्ती’, खरोखरच उठला. त्यातला ‘थ’ जीभ दातांत धरून. वसईच्या किंवा गोव्याच्या भिंतीवरचं कॅलेंडर इथे दगा देतं: ग्रीक ईस्टर जुन्या ज्युलियन कालगणनेने निघतो. 2026 मध्ये आपल्याकडे 5 एप्रिल, तिकडे 12.

हीच जोडी लाल अंड्यांच्या टकरीत, ‘त्सूग्रिस्मा’त, कानावर येते. अंडी ईस्टरआधीच्या गुरुवारी रंगवलेली असतात. एक जण अंडं टोक वर करून मुठीत घट्ट धरतो, दुसरा आपल्या टोकाने वरून मारतो: ‘ख्रिस्तोस आनेस्ती!’ ‘आलिथोस आनेस्ती!’ टच्. मग अंडी उलटी करून बुडं भिडवायची.