अण्णांचा प्रश्न आणि आल्सासचा चढ

शनिवारी रात्री अण्णांचा फोन आला. मी सायकलच्या चाकात हवा भरत होते. "उद्या कुठं?" म्हणाले. म्हटलं, पलीकडं फ्रान्सात, आल्सासला. द्राक्षबागांतून जायचंय, शेवटी एका किल्ल्यावर चढायचंय. मे महिन्यात तिथले फोटो मी त्यांना पाठवले होते, ते त्यांच्या डोक्यात होतेच. "मला एक सांग," म्हणाले, "ती माणसं बाग डोंगराच्या कडंलाच का लावत्यात? खाली एवढी सपाट काळी रानं सोडून? बघून ये नीट."

आमची बाग तासगाव तालुक्यात. अण्णांचं सगळं आयुष्य छाटणी, विरळणी आणि बेदाण्यात गेलं. गेली चार वर्षं मी जर्मनीत, फ्रायबुर्गला नोकरी करते. इथून ब्राइझाखपर्यंत लोकलगाडीत सायकल टाकायची आणि ऱ्हाईनचा पूल ओलांडायचा, की फ्रान्स. सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी सकाळी आठला मी पुलावर होते. पाण्यावर धुकं इतकं दाट की पलीकडचा काठ दिसेना.

पूल उतरल्यावर थोड्याच वेळात नफ-ब्रिझाक लागतं. फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईसाठी व्होबाँ या लष्करी अभियंत्यानं आखलेलं हे ताऱ्याच्या आकाराचं कोटाचं गाव 2008 पासून जागतिक वारसा यादीत आहे. पण धुक्यात मला दिसला तो फक्त खंदक आणि ओला तट. तिथून कोलमारपर्यंत रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना मका. या वीसेक किलोमीटरमध्ये रस्त्याकडेला द्राक्षाचा एक वेलही दिसला नाही.

कोलमारच्या पुढं रस्ता जरा वर उचलला आणि धुकं संपलं. हळूहळू विरलं असं नाही, पडदा बाजूला सारल्यासारखं संपलं. मागं वळून पाहिलं तर सगळं मैदान पांढऱ्या दुधात बुडालेलं, आणि समोर उन्हात बागा. अण्णांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथंच मिळालं. थंड हवा जड असते, ती खाली मैदानात जाऊन बसते. वसंतात डोळे फुटायच्या वेळी दहिवर पडलं तर कोवळी फूट करपते, ती खालच्या रानात आधी. उतारावर पाणी थांबत नाही, गारठाही थांबत नाही. पूर्व आणि आग्नेयेकडं तोंड असलेल्या उतारावर सकाळचं ऊन आधी पोचतं, दव लवकर वाळतं, आणि पानं कोरडी राहिली की केवडा, म्हणजे पानांवरची बुरशी, आवरता येतो. हे शेवटचं तर आमच्या घरातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट पावसाची. अटलांटिकवरून येणारे ढग पश्चिमेकडून व्होज डोंगरावर आदळतात. माथ्यावर काही ठिकाणी वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि पायथ्याच्या कोलमारला सहाशेच्या आसपास. हे वाचलं तेव्हा मला सह्याद्रीच आठवला. घाटमाथ्यावर धो धो आणि आमच्या तासगावला आभाळाकडं डोळे. जगाच्या दोन टोकांना द्राक्षं पर्जन्यछायेतच रमली आहेत, याचा मला फार आनंद झाला.

मार्लेनहाइमपासून थानपर्यंत या पायथ्यानं आल्सासचा द्राक्षमार्ग जातो, 170 किलोमीटरचा. 1953 मध्ये तो सुरू झाला. सायकलवाल्यांसाठी बागांमधून वेगळ्या अरुंद वाटाही आहेत. मी निवडला तो मधला तुकडा: बेनवीर, कायझर्सबेर्ग, रिकवीर, ह्युनावीर, रिबोविले, सँ-इपोलीत. गावागावांत तीन-चार किलोमीटरचंच अंतर, पण प्रत्येक वेळी एक छोटा चढ आणि एक छोटा उतार. दहाव्या चढाला मांड्या बोलायला लागतात.

बेनवीरमध्ये शिरले आणि काहीतरी चुकतंय असं वाटलं. लाकडी चौकटींची, वाकलेल्या छपरांची घरं कुठंच नाहीत. सगळं विसाव्या शतकातलं बांधकाम. डिसेंबर 1944 मध्ये कोलमारभोवतीच्या लढाईत हे गाव जमीनदोस्त झालं, शेजारच्या सिगोल्सहाइमचीही तीच गत झाली. इथल्या मातीनं फार सोसलं आहे. 1871 मध्ये जर्मनी, 1918 ला फ्रान्स, 1940 ला पुन्हा जर्मनी, मग पुन्हा फ्रान्स. कायझर्सबेर्गला 1875 मध्ये जन्मलेले आल्बर्ट श्वाइट्झर जन्मानं जर्मन नागरिक होते आणि 1952 चा शांततेचा नोबेल मिळाला तेव्हा फ्रेंच. त्या गावाच्या तटबंदीच्या पुलावर सायकल टेकवून मी भाकरीसारखा जाड पाव खाल्ला आणि पुढं निघाले.

रिकवीरमध्ये फार थांबले नाही. 1291 चा दोल्दर बुरूज देखणा आहे, पण रविवारी त्या गल्लीत सायकल हातात धरून चालणंही कठीण. मन भरलं ते ह्युनावीरला. गावाबाहेर, बागांच्या मधोमध एका उंचवट्यावर चर्च आहे आणि त्याच्या दफनभूमीलाच बुरुजांचा तट. संकट आलं की गावकरी देवाच्या आवारात शिरून लढत. सतराव्या शतकापासून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघंही या एकाच चर्चमध्ये उपासना करतात.

त्या चर्चखालीच माझं मागचं चाक बसलं. ट्यूब बदलायला मी बांधावर बसले, तर एक सत्तरीचे आजोबा कात्री आणि बादली घेऊन ओळीतून आले. ते बोलत होते ती आल्साशियन, फ्रायबुर्गच्या खेड्यांतल्या बोलीच्या जवळची, त्यामुळं मला बऱ्यापैकी समजत होती. चाक धरायला मदत केली आणि हातावर एक घड ठेवला. गेव्हुर्झट्रामिनर, वाइनच्या द्राक्षाची जात. घड मुठीएवढा, मणी एकमेकांत गच्च रुतलेले, रंग हिरवा नाही, तांबूस गुलाबी. साल जाड. दाताखाली फुटला आणि गुलाबाच्या अत्तरासारखा वास नाकात गेला. आमच्या थॉम्पसन जातीचे लांबट, कुरकुरीत मणी एकीकडं आणि हा मणी एकीकडं.

मी त्यांना सांगितलं, आम्हीही द्राक्षवाले. मग ते बसलेच. त्यांची बाग मी नीट न्याहाळली: मांडव नाही, तारेवर उभी वेल, दर वर्षी नवी काडी कमानीसारखी वाकवून बांधलेली. आमच्यासारखे वर्षानुवर्षांचे ओलांडे, म्हणजे तारेवर आडव्या नेलेल्या जाड फांद्या, नाहीत. छाटणी एकदाच, हिवाळ्यात. मी म्हटलं, आम्ही दोनदा छाटतो, एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी. त्यांनी कात्री खाली ठेवली. "मग वेल झोपते कधी?" त्यांनी विचारलं. मला चटकन उत्तर देता आलं नाही.

रिबोविलेच्या डोक्यावर एका डोंगरावर तीन पडके किल्ले एकावर एक दिसतात. तिथं रस्त्याची सायकल जात नाही, म्हणून खालूनच पाहिले. माझा किल्ला पुढचा, ओ-कोनिग्सबूर. सँ-इपोलीतपासून आठेक किलोमीटरचा घाट, पाचशे मीटरची उंची. पहिल्या किलोमीटरलाच बागा संपल्या आणि चेस्टनटची झाडं सुरू झाली. पूर्वी वेलींचे खांब याच लाकडाचे करत. त्याच्याही वर बीच आणि सूचीपर्णी, सावली, अंगावर काटा आणणारा गारवा. सगळ्यात हलका गिअर टाकून, श्वास मोजत मी चढत होते, आणि अण्णांचा प्रश्न पूर्ण सुटत होता. खाली गारठा आणि मका, मध्ये ऊन आणि द्राक्षं, वर थंडी आणि लाकूड, सगळ्यात वर पहारा. गाडीतून हे दहा मिनिटांत मागं पडलं असतं. पायांनी मोजल्यामुळं प्रत्येक थर वेगळा कळला.

किल्ला 757 मीटरवर आहे, गुलाबी वालुकाश्माचा. 1633 मध्ये स्वीडिश सैन्यानं वेढा घालून तो जाळला. मग अडीचशे वर्षांहून जास्त काळ नुसते अवशेष. 1899 मध्ये सेलेस्टा शहरानं तो जर्मन सम्राट दुसऱ्या विल्हेल्मला भेट दिला आणि त्यानं 1900 ते 1908 मध्ये पुन्हा उभारला. आपल्या राजवटीची निशाणी म्हणून त्यानं हे केलं, हे खरंच. तरीही छपरासकट, चुलीसकट उभा असलेला किल्ला पाहताना मला रायगडावरची जोती आठवली आणि गळा दाटला. बुरुजावरून खाली आल्सासचं मैदान, ऱ्हाईनची रेघ आणि पलीकडं माझ्या घराजवळचा श्वार्झवाल्डचा डोंगर दिसत होता.

सेलेस्टाच्या फलाटावरून अण्णांना फोन लावला. तिकडं रात्र झाली होती. सगळं सांगितलं, धुक्याचं, उताराचं, केवड्याचं. ते नुसते "हं, हं" करत होते. मग आजोबांचा प्रश्न सांगितला.

बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाले, "त्येंच्याकडं बर्फ झोपवतंय. आपल्याकडं वेलीला झोप नसतीच. म्हणून एप्रिलला खरडायचं, काडी तयार करायची." आणि थोड्या वेळानं, "पुढच्या पंधरवड्यात वरच्या प्लॉटची छाटणी धरलीय. त्या म्हाताऱ्यांना विचार, त्येंची बाग किती वर्षांची हाय ते."

ते विचारायचं राहिलंच होतं. पुढच्या रविवारी पुन्हा ह्युनावीरला जातेय.