तुम्ही विचारलंत म्हणून: डिटेक्टर गेलाय, हे कसं ओळखायचं?

"मॅडम, सगळं बरोबर लावलोय, तरी सिग्नल येईना. डिटेक्टर गेला का?"

सोलापुरातल्या एका कॉलेजात मी फायबर आणि लेझरची प्रयोगशाळा सांभाळते. दर सत्रात हा प्रश्न निदान दहा वेळा तरी कानावर येतो. आता बाहेरगावच्या प्रयोगशाळांतूनही फोन येतात आणि विचारणं तेच असतं. म्हणून एकदा सविस्तर लिहायला बसले आहे.

फायबर जोडायचा वेगवान फोटोडिटेक्टर म्हणजे मुठीत मावेल अशी धातूची डबी. एका तोंडाला फायबर लागतं, दुसऱ्या तोंडातून केबल स्कोपकडे, म्हणजे सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपकडे, जाते. आतल्या फोटोडायोडवर प्रकाश पडला की करंट वाहतो. इतकं साधं यंत्र असल्यामुळेच, सिग्नल दिसला नाही की संशय थेट त्याच्यावर जातो. इतक्या वर्षांत माझ्या हातून गेलेल्या डिटेक्टरांपैकी खरोखर मेलेले मोजून दोन. बाकी प्रत्येक वेळी दोष डिटेक्टरच्या अलीकडे होता, नाहीतर पलीकडे.

अलीकडचं आधी सांगते, कारण त्यात आपल्या गावाचा हात आहे.

माझे वडील पूर्व भागात यंत्रमाग चालवायचे. चादरी, टॉवेल. रात्री घरी आले की त्यांच्या भुवयांवर, कानांवर सुताचे पांढरे तंतू बसलेले असायचे आणि आई दारातच त्यांना अंग झटकायला लावायची. ते तंतू गावाच्या हवेतच आहेत. खिडकी उघडी ठेवली तर संध्याकाळपर्यंत टेबलावर बोट फिरवून बघा. आता आकडा बघा: सिंगल मोड फायबरमध्ये प्रकाश ज्या गाभ्यातून जातो तो सुमारे ९ मायक्रॉन रुंद असतो. कापसाचा एक तंतू साधारण १५ मायक्रॉन. म्हणजे टॉवेलातून सुटलेला एकच तंतू कनेक्टरच्या टोकावर आडवा पडला, तर अख्खा गाभा झाकू शकतो. आणि पोरं टोक पुसतात कशानं? शर्टाच्या टोकानं, ओढणीनं, रुमालानं. मी हे बघते तेव्हा खरंच पोटात गोळा येतो.

माझ्याकडे नियम असा: जोडण्यापूर्वी प्रत्येक वेळी टोक सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, स्वच्छ दिसलं तरच जोडायचं. बघण्याआधी लेझर बंद, आणि तो बंद केल्याची खात्री स्वतः करायची, दुसऱ्याच्या सांगण्यावर नाही. आमच्या लेझरचा १५५० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश डोळ्याला दिसत नाही आणि सूक्ष्मदर्शक तो थेट बुबुळात उतरवू शकतो. घाण दिसली तर आधी कोरडं पुसायचं, तंतू न सुटणाऱ्या कागदावर एकाच दिशेनं एक फटकारा. त्यानं गेलं नाही तर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लगेच पुन्हा कोरडं. पुढे-मागे घासायचं नाही, कारण धुळीचा कण काचेवर ओरखडा ओढतो आणि ओरखडा पुसून जात नाही. डिटेक्टरच्या तोंडात मात्र कापसाची काडी खुपसू नका. काहींच्या आत बारीक भिंग असतं. बाजूची पॅचकॉर्ड, म्हणजे जोडायची फायबरची तार, स्वच्छ ठेवली तर तिकडे हात घालायची वेळ फारशी येत नाही.

कनेक्टरचा रंगही बघा. निळा म्हणजे सरळ घासलेला, हिरवा म्हणजे ८ अंशांच्या तिरप्या कापाचा. निळा आणि हिरवा एकमेकांना भिडवले तर मधे फट राहते, प्रकाश सांडतो आणि दोन्ही टोकं खराब होतात. एफसी कनेक्टरची खिट्टी खाचेत बसली नसताना वरचं कडं फिरवून घट्ट केलं तरीही असंच होतं. वरून बघणाऱ्याला सगळं "बरोबर लावलेलं" दिसतं.

डिटेक्टरला जोडण्याआधी त्याच फायबरचं टोक पॉवर मीटरला लावून किती मिलिवॅट येतात ते वहीत लिहायचं. हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे. ते टाळल्यामुळे वाया गेलेल्या दुपारी मी पाहिल्या आहेत. मे महिन्यात सोलापूर ४३ अंशांवर असतं, लेझरचं कूलिंग दमतं, त्याची पॉवर उतरते आणि बोल डिटेक्टरला लागतो.

काही जण मीटरऐवजी फोनचा कॅमेरा धरतात. टीव्हीच्या रिमोटचा दिवा कॅमेऱ्यात दिसतो ना, तसा लेझरही दिसेल असं त्यांना वाटतं. फोनचा सेन्सर सिलिकॉनचा. सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन सुटायला सुमारे १.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात आणि १५५० नॅनोमीटरच्या फोटॉनकडे असतात फक्त ०.८. तो त्यातून नुसता पार होतो. म्हणून या कामाला इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा डायोड लागतो. एकदा दोन मुलांनी चुकून सिलिकॉनचा डिटेक्टर १५५० ला लावला आणि चार तास केबली बदलत बसले. डबीवर तरंगलांबीचा पट्टा छापलेला असतो. तो वाचा.

आता पलीकडचं. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण निम्मे फोन याच एका गोष्टीचे असतात.

मागच्या सत्रात एक मुलगा धावत आला. "मॅडम, नऊ व्होल्ट येतायत, पण पल्स कुठंय काय की!" त्याचा लेझर दर मायक्रोसेकंदाला एक, १० नॅनोसेकंदांचा पल्स देत होता, शिखराला १ मिलिवॅट. स्कोपवर नऊ व्होल्टांवर एक सरळ रेघ. मी काही न बोलता वही पुढे केली आणि आम्ही हिशेब मांडला. डायोड १ मिलिवॅटला सुमारे ०.९ मिलिअँपिअर देतो. पल्स एकूण वेळेच्या शंभराव्या हिश्शात असतो, म्हणून सरासरी करंट ९ मायक्रोअँपिअर. स्कोपच्या इनपुटचा रोध ठेवला होता १ मेगाओहमवर. ९ मायक्रोअँपिअर गुणिले १ मेगाओहम म्हणजे ९ व्होल्ट. डिटेक्टर एकही आकडा चुकला नव्हता. फक्त १ मीटर केबलची धारिता, म्हणजे वीजभार साठवायची क्षमता, सुमारे १०० पिकोफॅरड असते, आणि १ मेगाओहमातून ती रिकामी व्हायला १०० मायक्रोसेकंदांच्या घरात वेळ लागतो. एक पल्स ओसरण्याआधी पुढचे शंभर येऊन थडकत होते, म्हणून सगळ्यांची मिळून सरळ रेघ.

स्कोप ५० ओहमवर टाकला. नऊ व्होल्ट गेले आणि ४५ मिलिव्होल्टांचे नेटके, टोकदार पल्स उभे राहिले. मुलाचा चेहरा आधी पडला, कारण सिग्नल दोनशे पटींनी लहान झाला होता. मग त्यानं पल्सची रुंदी मोजली आणि ती बरोबर १० नॅनोसेकंद आली. असा क्षण आला की मला या कामाचं सार्थक वाटतं.

ज्या स्कोपला ५० ओहमची सोय नाही त्याला बाहेरून टर्मिनेटर, म्हणजे ५० ओहमचा रोध, लावायचा, पण स्कोपच्या तोंडाशी, डिटेक्टरच्या तोंडाशी नाही. काही डिटेक्टरांच्या आतच आणखी एक ५० ओहम बसवलेला असतो, तिथे व्होल्टेज निम्मा येईल हे धरून चाला.

वेगाचाही असाच घोळ होतो. "डिटेक्टर १ गिगाहर्ट्झचा आहे म्हणतात, पण चढाव साडेतीन नॅनोसेकंदांच्या खाली येतच नाही." सिग्नल चढायला लागणारा वेळ म्हणजे ०.३५ भागिले बँडविड्थ, म्हणजे यंत्राला झेपणारी कमाल वारंवारता. १ गिगाहर्ट्झला तो ०.३५ नॅनोसेकंद येतो. साडेतीन येतो १०० मेगाहर्ट्झला, आणि स्कोपच्या कपाळावर तेच लिहिलेलं होतं: १०० मेगाहर्ट्झ. आडात पाणी होतं, पोहरा लहान होता.

एक युक्ती मला फार आवडते, ती इथे सांगूनच टाकते. कधी कधी खऱ्या पल्सच्या मागे एक फिकट पल्स दिसतो, जणू त्याची सावली. तो परावर्तनाचा असतो. पण कुठल्या परावर्तनाचा? केबलीत टोकाशी टर्मिनेशन बरोबर नसेल तर वीज परत फिरते. फायबरच्या टोकाशी काच संपून हवा सुरू झाली तर तिथूनही साडेतीन टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत फिरतो. गंमत अशी की नेहमीच्या कोअ‍ॅक्स केबलीत वीज आणि फायबरमध्ये प्रकाश जवळजवळ सारख्याच वेगानं जातात, मीटरला सुमारे ५ नॅनोसेकंद. जाऊन परत यायला १०. म्हणून सावली २० नॅनोसेकंद मागे असेल तर दोष २ मीटरवर आहे हे कळतं, पण तो तांब्यात आहे की काचेत हे कळत नाही. तेव्हा फक्त केबल बदलायची, दुप्पट लांबीची लावायची. सावली सरकली तर दोष विजेचा. जागची हलली नाही तर प्रकाशाचा, मग पुन्हा सूक्ष्मदर्शकाकडे वळायचं.

बॅटरीचं थोडक्यात. लहान डिटेक्टरांत बऱ्याचदा १२ व्होल्टांची छोटी बॅटरी असते, रिमोटमध्ये असते तसली. नवी पेठेत मिळते. ती डायोडला उलटा व्होल्टेज देते आणि त्यामुळे डायोडची धारिता कमी राहून वेग टिकतो. बॅटरी उतरली तर सिग्नल एकदम बंद होत नाही. आधी कडा बोथट होतात आणि थोड्या जास्त प्रकाशालाही सिग्नल दबतो. प्रकाश पडत असताना करंट तिच्यातूनच जातो, म्हणून १ मिलिअँपिअर सतत काढत राहिलात तर पन्नासेक तासांत ती संपेल. काम झालं की टोपी लावा.

आणि काही रिसीव्हर, म्हणजे आतच सिग्नल वाढवणारे डिटेक्टर, असे असतात की ते फक्त बदलता सिग्नल पुढे सोडतात, स्थिर प्रकाशाला शून्यच दाखवतात. स्थिर लेझर लावून "गेला" म्हणण्याआधी माहितीपत्रक उघडा.

मग मेलेले ते दोन कसे मेले? दोन्ही माझ्याच हातून. पहिला प्रकाशाची ताकद वाढवणाऱ्या एर्बियम अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे लावला होता. त्या जातीच्या डिटेक्टरांना १० मिलिवॅटच्या आसपास मर्यादा असते. मधला अ‍ॅटेन्युएटर (प्रकाश कमी करणारा भाग) सकाळी दुसऱ्या प्रयोगाला नेलेला होता, हे मी तपासलं नाही आणि १०० मिलिवॅट थेट आत गेले. मीटरवर आधी मोजलं असतं तर तो आज चालू असता.

दुसरा जानेवारीत गेला, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत. तेव्हा आपल्याकडची हवा अगदी कोरडी असते. मी स्वेटर घातला होता, प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठले, जमिनीवर पडलेली ५ मीटरची केबल उचलली आणि डिटेक्टरला लावली. अशा केबलीत साठलेला स्थिर विद्युतभार मधल्या पिनेतून सरळ डायोडमध्ये उतरतो. वेगवान डायोड मुद्दाम इवलासा बनवलेला असतो, धारिता कमी राहावी म्हणून. तेवढा झटका त्याला सोसत नाही. तेव्हापासून मी आधी अर्थिंगच्या पट्टीला हात लावते, मग केबलीची मधली पिन बाहेरच्या कवचाशी टेकवून ती रिकामी करते आणि नंतरच जोडते.

तो दुसरा मी टाकून दिला नाही. त्यावर लाल चिठ्ठी लावून कपाटात ठेवला आहे आणि प्रत्येक नव्या बॅचला पहिल्याच दिवशी हातात देते. टोपी घट्ट लावायला सांगते, स्कोप ५० ओहमवर. चांगल्या डायोडचा अंधारातला करंट नॅनोअँपिअरमध्ये असतो. तापमान दर १० अंशांनी वाढलं की तो दुप्पट होतो म्हणतात, तसा धरला तरी मे महिन्यातही ५० ओहमवर त्याचं काहीच दिसू नये. रेघ शून्यावर हवी. या डिटेक्टरची रेघ टोपी लावूनही २० मिलिव्होल्टांवर उभी असते. केबल काढली की शून्यावर येते, लावली की परत २०. मुलं टोपी दोन-दोनदा घट्ट करून बघतात, खोलीतले दिवे बंद करतात, वरून काळं कापड टाकतात. रेघ हलत नाही.