नदी सगळा वेळ डाव्या हाताला

आज एकदाची नदीची अख्खी फेरी मारली. ४२ किलोमीटर. उजव्या काठाने पाण्याबरोबर खाली जायचं, २१ वर पूल लागतो, तो ओलांडायचा आणि डाव्या काठाने परत वर. उजवा डावा काठ पाणी जातं तिकडे तोंड करून ठरवतात हे मला शाळेपासून माहितीये, तरी पुलावर गोंधळ झालाच, कारण अशा फेरीत नदी जाता-येता एकाच हाताला राहते. जाताना डावीकडे, पूल ओलांडून मागे फिरलं तरी डावीकडेच. कठड्याला सायकल टेकवून हवेत बोटाने नकाशा काढला तेव्हा कुठे पटलं. दिवसभर तिकडेच बघून बघून आता मान अशी धरलीय की उजवीकडे बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागतंय.

जाताना काय सांगू, नुसती उडत होते. २१ किलोमीटर ५० मिनिटांत, म्हणजे ताशी २५ च्या वरच, आणि धाप नाही की घाम नाही. मनात म्हटलं दोन महिने पहाटे उठल्याचं सार्थक झालं बाई. आजूबाजूला इतकं शांत की चेनची कुईकुई ऐकू येत होती आणि मी आपली तेल कधी घातलं होतं ते आठवत होते. खरं तर तिथेच ट्यूब पेटायला हवी होती! सायकल २५ ने पळतेय आणि कानाला वारा लागत नाहीये, म्हणजे वारा जवळजवळ तेवढ्याच वेगाने मागून येतोय, दुसरं काय. काठावरचं उंच गवत सगळं मी चाललेय त्याच दिशेला वाकलेलं, तेही बघितलं, छान दिसतंय म्हणून थांबून फोटोसुद्धा काढला. पण श्रेय वाऱ्याला द्यायचं सुचलं नाही.

पुलाच्या अलीकडे एक मोठ्ठं वळण आहे आणि तिथे वाट चक्क नदीत गेलीय. काठ कापल्यासारखा उभा तुटलेला, झाडाची मुळं हवेत लोंबतायत, आणि खाली पाणी गढूळ, भोवरे घेत चाललेलं. उतरून शेताच्या बांधावरून सायकल ढकलत नेली. समोरच्या काठाला मात्र मस्त वाळूचा उतार, पाणी घोटाभर. वळणावर पाणी बाहेरच्या काठावर जोरात आदळतं, तो खातं, आणि आतल्या बाजूला संथ होऊन वाळू टाकतं, म्हणून वळण वाढतच जातं. यावर आइन्स्टाइनने १९२६ मध्ये लिहिलंय, तेही चहाच्या कपावरून. चहा ढवळला की पत्ती कडेला न जाता मधे गोळा होते ना, कारण तळाला घासून खालचं पाणी मंद होतं आणि कडेकडून मधे सरकतं, तसंच नदीच्या वळणावर तळाचं पाणी वाळू घेऊन आतल्या काठाकडे जातं. परत येताना त्याच वाळूवर बसले होते, तिथून पलीकडची तुटलेली कड बघितली तर जिथून सायकल ढकलली तो बांध खालून पोकळ दिसत होता. पोटात गोळाच आला. तिथून परत जायचं नाही.

आणि वाळूवर बसले होते ती काही हौसेने नाही, मागचं चाक बसलं म्हणून. ट्यूब काढली, हवा भरून पाण्यात धरली, बुडबुड्यांची बारीक माळ वर आली. घासलं, सोल्युशन लावलं आणि घाईघाईत ओल्यावरच पॅच चिकटवला, तो अर्थातच सरकला. परत सगळं घासून, सोल्युशन लावून, या वेळी ते सुकेपर्यंत हात मांडीखाली दाबून बसले. त्या दोनतीन मिनिटांत एक खंड्या तीनदा पाण्यात सूर मारून गेला, एकदाच काहीतरी घेऊन वर आला. काटा अजून टायरमधेच होता. नशीब ट्यूब काढताना व्हॉल्व्ह टायरवरच्या कुठल्या अक्षरासमोर होता ते लक्षात ठेवलं होतं, म्हणजे ट्यूबवरचं भोक टायरच्या कुठल्या जागेसमोर येतं ते लगेच कळतं. बोट आतून हळूच फिरवलं, टोचलं, सापडला. तो तसाच राहिला असता तर पुढच्या किलोमीटरला परत हाच कार्यक्रम.

मग वारा. काय वारा बापरे. आधी वाटलं आता नदीच्या उलट चाललोय म्हणजे चढ असणार, पण एवढी संथ नदी किलोमीटरला मीटरभर तरी उतरत असेल का, त्या चढाने काही पाय भरून येत नाहीत. पाय वाऱ्यानेच भरले. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे अंगावर येणारी हवा दुप्पट वेगाची झाली की ती चौपट ढकलते. हँडलवर वाकून, सगळ्यात हलका गिअर टाकून, पंक्चरचा वेळ सोडून २१ किलोमीटरला १०० मिनिटं. मला वाटायचं फेरीत वारा जाता-येता फिटतो, अर्ध्यात देतो अर्ध्यात घेतो. कुठलं काय! त्याने ५० मिनिटं मदत केली आणि १०० मिनिटं छळलं, कारण समोरच्या वाऱ्यात आपण हळू जातो म्हणून त्याच्या तावडीत जास्त वेळ राहतो. वारा नसताना माझा आरामात २० चा वेग असतो, त्या हिशोबाने सगळं सव्वादोन तासांच्या आत व्हायला हवं होतं. लागले अडीच. आणि कानात इतका घोंगावत होता की चेन वाजत होती की नाही कुणास ठाऊक.

मगाशी फोटो परत बघितला, गवत जवळजवळ आडवं झालंय. आंधळी कशी होते मी. पुढच्या वेळी आधी वाऱ्याच्या तोंडावर जायचं आणि दमल्यावर तो पाठीशी घ्यायचा, मग त्यासाठी फेरी पुलापासून सुरू करून उजव्या काठाने वर, अशी उलटी मारावी लागली तरी चालेल, नदी उजव्या हाताला येईल, मानेलाही जरा बरं. फक्त अशा उलट्या फेरीत तो पोकळ बांध सुरुवातीलाच वाटेवर येतो, त्याला आतून शेतातून रस्ता आहे का ते बघायला पाहिजे.

चेनला तेल घातलं. मागचं टायर अंगठ्याने दाबून बघितलं, अजून कडक आहे.